मुंगीने शिरा केला तर बिघडलं कुठे?

तुमचा प्रश्न वाचून आधी मनसोक्त हसले, त्याबद्दल माफी मागते. इतरांसाठी तो थोडक्यात सांगते. तुम्ही यंदाच नोकरीला लागलात, आठवीला मराठी शिकवता. 'लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा' हा तुकारामांचा अभंग रंगात येऊन शिकवत होतात. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, मुंगी त्या रव्याचा शिरा करणार का?" वर्ग फुटला. तुम्ही त्या मुलाला बाहेर उभं केलंत, तो खिडकीतून तोंडं करत राहिला, आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक व्हरांड्यातून चालले होते. तेव्हापासून कविता म्हटली की वर्ग हसायला टपलेलाच असतो. गद्य पाठाला हे होत नाही. हसणं थांबवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय.

मी २९ वर्षं मराठी शिकवतेय. पहिली सहा जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात, नंतर पुण्याजवळ, आणि शेवटची काही वर्षं इंग्रजी माध्यमात. या काळात माझ्या कवितेच्या तासाला जितकं हसू झालंय तितकं स्नेहसंमेलनातही झालं नसेल. त्यामुळे मला वाटतं, तुम्हाला टोचलंय ते हसणं नाही, रसभंग टोचलाय. आपण डोळे मिटून 'देगा देवा' म्हणत असताना कोणीतरी शिरा काढला, याचा राग आलाय. तो मलाही यायचा. पण त्या रागात एक गोष्ट सुटते: तो मुलगा ऐकत होता. न ऐकणाऱ्याला रवा सापडत नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करते. खेड्यातल्या शाळेत माझ्यासमोर तीसेक मुलं असायची, आता एका तुकडीत ६२ आहेत. तिसांचं हसू मिनिटभरात आपोआप विरतं. बासष्टांचं शेजारच्या तुकडीत गणित शिकवणाऱ्या सरांपर्यंत पोचतं आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आपल्याला ऐकून घ्यावं लागतं. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत आणि वह्या काढण्यात जातात. शिवाय तुम्ही नवे आहात. जुन्या बाईंच्या वर्गातला गोंधळ 'उपक्रम' ठरतो आणि नव्या सरांच्या वर्गातला 'गोंधळ'च राहतो. हा अन्याय आहे, पण पहिली दोन-तीन वर्षं तो सोसावा लागेल. म्हणून मी जे करते ते सगळं तसंच्या तसं उचलू नका. वर्ग पाहून घ्या.

आता तो रवा. 'रवा' म्हणजे कण, दाणा. साखरेचा रवा म्हणजे साखरेचा एक कण. आज आपण रवा फक्त गव्हाचा म्हणतो, कारण तो डब्यात असतो. पण घरी तूप चांगलं कढलं की आई म्हणते, "बघ, कसं रवाळ झालंय." तो रवाळ याच रव्यातला. म्हणजे तुमचा विद्यार्थी चुकला असं म्हणायचं तर अर्धंच चुकला. तुकारामांचा शब्द आणि त्याच्या स्वयंपाकघरातला शब्द एकच, मधे अर्थ थोडा सरकलाय. "तुमच्याकडे तूप रवाळ होतं का?" एवढं विचारलं असतं तर वर्गातल्या निम्म्या मुलींनी हात वर केले असते आणि शिऱ्यावरून गाडी कणावर आली असती. मुंगीला एक कण मिळतो आणि तो तिला पुरतो, लहान असण्याचं हे सुख. पुढच्याच चरणात ऐरावत येतो, 'ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार'. इथे मला तुमची थोडी गंमत करावीशी वाटते. त्या मुलाला दाराबाहेर उभं करून तुम्ही त्याला मुंगीचा ऐरावत केलंत. वर्गात तो एक विनोद करणारा मुलगा होता, व्हरांड्यात तो हिरो झाला.

कवितेलाच असं का होतं, याचं माझं उत्तर साधं आहे. कान अनोळखी शब्द सहन करत नाही. त्या जागी तो ओळखीचा शब्द बसवून टाकतो. गद्यात आजूबाजूची वाक्यं सावरून घेतात. कवितेत शब्द थोडे, त्यातले काही जुने, वर चाल. मग ज्याला जे ऐकू येईल ते. मुलांना हसण्याआधी आपली गणपतीची आरती आठवा. 'लंबोदर पीतांबर फणिवरबंधना' या ओळीत 'फळीवर वंदना' म्हणणारी किती मोठी माणसं तुमच्या नात्यात आहेत? माझ्या सख्ख्या मामांनी जन्मभर फळीवर वंदना केली. आमच्याकडे गणपती खरंच फळीवर बसायचा, त्यामुळे त्यांना कधी शंकाच आली नाही. 'संकटी पावावे'चं 'संकष्टी पावावे' करणारे तर घरोघरी आहेत, कारण चतुर्थी संकष्टी असते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मुलं वेगळं काही करत नाहीत. फरक एवढाच की मामा भक्तिभावाने चुकायचे आणि मुलं खिदळत चुकतात.

म्हणून मी एक सवय लावून घेतली. असा विनोद आला की तो फळ्यावर लिहायचा. कवितेची ओळ डावीकडे, मुलाचं वाक्य उजवीकडे, त्याच्याच शब्दांत. दोन गोष्टी होतात. हसू आपोआप ओसरतं, कारण फळ्यावर लिहिलेलं वाक्य लगेच अभ्यासाचं दिसायला लागतं. आणि ज्याने ते म्हटलं त्याला ते ओळीशी जुळवून दाखवावं लागतं. जुळलं तर आम्हाला अर्थ सापडतो. नुसताच आवाज काढला असेल तर तोच खालमानेने म्हणतो, "पुसा बाई." मी पुसते, बाकी काही बोलत नाही.

हे शहाणपण पहिल्या दिवसापासून नव्हतं. मी मूळची पुण्याची. त्या खेड्यात गेल्या गेल्या बहिणाबाईंची कविता शिकवायला घेतली, 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर'. बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या असोद्याच्या. म्हणजे कवयित्री त्यांच्या गावच्या बाजूची, आणि शिकवायला मी! चांगला रियाज करून गेले होते. 'वढाय' हा शब्द असा लांबवून, गोड करून म्हटला की वर्ग खाली बघून हसायला लागला. मला वाटलं, बोलीभाषेला हसताहेत. चिडले. "आपल्याच मातीतल्या बाईला हसता? लाज वाटत नाही?" असं बरंच काही बोलले. शेवटी पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, त्यांना कुठे हसतोय? तुम्हाला हसतोय."

मग कळलं. वढाय हा माझ्यासाठी कवितेतला शब्द होता आणि त्यांच्यासाठी गोठ्यातला. वढाय म्हणजे ओढाळ, दुसऱ्याच्या शेतात तोंड घालणारं जनावर. कितीही हाकला, पुन्हा पिकावर येणारं. एका मुलाने सांगितलं, त्यांच्या घरी अशी एक गाय आहे, शेजारच्या शेतकऱ्याशी तिच्यापायी दोनदा भांडण झालंय, आणि आता तिच्या गळ्यात लोढणं बांधलंय. लोढणं म्हणजे लाकडाचा ओंडका. तो पुढच्या पायांवर आपटतो, म्हणून जनावराला पळता येत नाही. हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "मग मनाला कसलं लोढणं बांधायचं?" मागून उत्तर आलं, "गृहपाठाचं!" वर्गाबरोबर मीही हसले. पण त्या तासाला मला जी उपमा कळली ती मी बी.एड.ला शिकले नव्हते. ती कविता मी पुन्हा त्याच मुलाकडून वाचून घेतली. त्याने ती तक्रार सांगावी तशी वाचली, कुठेही हेल न काढता. ती तशीच वाचायची असते, असं मला आता वाटतं.

त्याच बहिणाबाई पुढे इंग्रजी माध्यमात भेटल्या. २०२० च्या कायद्यानंतर राज्यात सगळ्या माध्यमांच्या शाळांना मराठी शिकवावीच लागते, त्यामुळे घरी हिंदी किंवा गुजराती बोलणारी पुष्कळ मुलं आता आपल्या वर्गात असतात. 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' ही ओळ देऊन चित्र काढायला सांगितलं. एकाने चूल काढली, चुलीवर तवा, तव्यावर पृथ्वीचा गोल, आणि गोलावर भारताचा नकाशासुद्धा. खाली लिहिलं होतं, 'ही कविता ग्लोबल वॉर्मिंगवर आहे.' हिंदीत संसार म्हणजे जग. त्याचं काहीच चुकलं नव्हतं! मी चित्र वर धरलं, वर्ग हसला, तोही हसला. मग मी म्हटलं, "बरं, पृथ्वी तापली, हाताला चटके बसले. पण पुढे बहिणाबाई म्हणतात की चटक्यांनंतर भाकर मिळते. ती कुठून आली?" तो बराच वेळ विचार करत होता. शेवटी म्हणाला, "टीचर, फिर ये घर का मॅटर है." मी शिकवण्याआधी कवितेनेच त्याला अडवलं आणि घरी आणून सोडलं. अशा मुलांशी बोलताना शब्दांची ही अदलाबदल मी मुद्दाम काढते. त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षा. हे त्यांना फार पटतं.

इथवर सांगितलेल्या सगळ्या प्रसंगांत मुलं शब्दाला हसली, फार तर बाईंना. आता जिथे मी सपशेल चुकले तो प्रसंग.

बालकवींचं 'श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे'. तुमच्या लक्षात आलंच असेल. वर्गात एक हर्ष होता आणि एक मानसी होती. (नावं बदलून सांगावीत असं मनात आलं, पण ती कवितेतच आहेत, बदलू कशी? आणि अशी जोडी महाराष्ट्रातल्या दर तिसऱ्या शाळेत सापडेल.) मी पहिली ओळ वाचली आणि वर्गात जे व्हायचं ते झालं. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मला त्या तुकडीत लोकप्रिय व्हायचं होतं. मी म्हटलं, "बघा, कवीला आधीच माहीत होतं!" टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं.

पुढचा महिनाभर ती दोघं दारातून आत आली की कोणीतरी 'श्रावणमासी' गुणगुणायचं. हर्षने ते हसण्यावारी नेलं, मुलांना ते सोपं जातं. मानसी माझ्या तासाला पोटात दुखतंय म्हणून बाहेर जायला लागली. पालकसभेत तिची आई आली आणि शांतपणे म्हणाली, "मुलगी विचारतेय, शाळेच्या दाखल्यावर नाव बदलता येतं का." त्या क्षणी माझ्या कानात त्या टाळ्या वाजल्या.

मानसीला बाजूला घेऊन तिची माफी मागितली. वर्गात भाषण दिलं नाही, व्याकरण काढलं. श्रावणमासी म्हणजे श्रावणमासात. मानसी म्हणजे मानसात, मनात. दोन्ही सप्तमी. 'घरी', 'दारी', 'अंगणी', 'रानी-वनी' हे सगळं त्याच घराण्यातलं. ओळीचा अर्थ एवढाच की श्रावणात मनात आनंद असतो, त्यात कोणी कोणाचं नाही. मग प्रत्येकाला आपलं नाव कवितेत शोधून आणायला सांगितलं. आकाश, किरण, वर्षा, सागर, पल्लवी, समीर, सगळे सापडले. ज्या वर्गात प्रत्येकाचं नाव कुठल्या तरी ओळीत अडकलंय तिथे एकालाच चिडवण्यात मजा उरत नाही. चिडवणं थांबलं. पण तोवर महिना गेला होता, आणि तो महिना मानसीचा गेला होता, माझा नव्हे.

तेव्हापासून जूनमध्ये पुस्तक हातात आलं की एका बाजूला अनुक्रमणिका आणि एका बाजूला हजेरीपट ठेवून बसते. कुठल्या कवितेत कोणाचं नाव आहे, कुठे आडनाव आहे, कुठे 'काळा', 'जाड', 'ठेंगू' असा शब्द आहे जो आधीच कोणाच्या पाठीला चिकटलाय, ते बघते. मानसी असेल तर कवितेच्या दहा दिवस आधी विभक्तीच्या तासाला 'मानसी' शिकवून मोकळी होते. विनोदाचा दारूगोळा आधीच ओला करून ठेवायचा. आणि एखाद्याच्या अंगावर हसू गेलंच, तर तिथे मी फळ्यावर काही लिहीत नाही. आवाज न चढवता पुस्तक मिटते आणि दुसरं काम देते. एवढ्या एका बाबतीत मी कडक आहे. थोडक्यात, हसू शब्दावर असेल तर फळा, बाईंवर असेल तर चालून जातं, वर्गातल्या कोणावर असेल तर पुस्तक बंद.

आता थोडं आनंदाचं. तुम्ही वृत्तं शिकवायला घेतली असतील किंवा घ्याल. मुलांना वाटतं लघु-गुरू, म्हणजे हलकी आणि जड अक्षरं मोजणं, हा गणिताचा तास वेश बदलून आलाय. मी भुजंगप्रयात या वृत्तापासून सुरुवात करते, कारण 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' निदान कानावरून गेलेलं असतं. बारा अक्षरं, य गण (एक लघु, दोन गुरू) चार वेळा, म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा; ल लघु, गा गुरू. हे मी फळ्यावर लिहीत नाही, बाकावर वाजवायला लावते. एक हलकी थाप, दोन जड. दोन मिनिटांत गणपती विसर्जन सुरू होतं. हे करण्याआधी शेजारच्या वर्गात निरोप पाठवत जा.

एका वर्षी असं वाजवणं चालू असताना एकाने तालावर म्हटलं, "समोसा वडापाव खाऊन आलो." हशा. मीही हसणार होते, पण बोटं मोजत होती. स-मो-सा, व-डा-पा, व-खा-ऊ, न-आ-लो. लगागा चार वेळा, कुठेही खोट नाही. मी फळ्यावर लिहून लघु-गुरूच्या खुणा केल्या आणि वर्ग चकित झाला. समर्थांची ओळ आणि वडापाव एकाच मापाचे निघाले. मग दुसरी ओळ हवी म्हणून झुंबड उडाली. कोणीतरी म्हणालं, "मधल्या सुटीला पुन्हा भूक आहे." म्हणून बघितलं तर पहिल्याच शब्दाला ठेच लागत होती. एक गट म्हणाला, 'ल्या' जोडाक्षर आहे, म्हणून आधीचा 'ध' गुरू, म्हणजे बरोबर. दुसरा गट म्हणाला, 'मधल्या' म्हणताना 'ध'वर जोर येतच नाही. दुसऱ्या गटाचं बरोबर होतं. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तरच ते गुरू होतं. 'सज्जन'मध्ये 'स'वर येतो, 'मधल्या'मध्ये 'ध'वर येत नाही. हा नियम पुस्तकात एका ओळीत असतो आणि कोणी वाचत नाही. त्या दिवशी त्यावर सात-आठ मिनिटं भांडण झालं. शेवटी 'दुपारी तरीही पुन्हा भूक आहे' अशी दुरुस्ती झाली. 'पुन्हा'चा 'पु' लघु का, हे मला कोणीही विचारलं नाही, कारण तोवर त्यांना कळलं होतं. पहिली ओळ करणारा मुलगा मराठीत जेमतेम पास होणारा होता. परीक्षेत वृत्ताच्या प्रश्नाखाली त्याने समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'समोसा लावून तपासले, बरोबर आहे.' समासातल्या लिखाणाला मार्क नसतात, नाहीतर दिले असते.

काही विनोद दर वर्षी येतात, त्यांची तयारी ठेवा. मोरोपंतांच्या 'सुसंगति सदा घडो'मध्ये 'विषय सर्वथा नावडो' आलं की कोणीतरी विचारणारच, "कोणता विषय बाई, गणित?" मी हे किमान वीस वेळा ऐकलंय, आणि दर वेळी विचारणाऱ्याची खात्री असते की हे जगात पहिल्यांदा त्यालाच सुचलं. तुम्हीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसा. तो त्याचा हक्क आहे. मग इंद्रियांचे विषय म्हणजे काय ते सांगा. समोर मोबाइलची पिढी बसलीय, उदाहरण शोधावं लागत नाही. 'रसग्रहण' शब्दावर एकीने गंभीरपणे सांगितलं होतं, "ग्रहणात काही पिऊ नये असं आजी म्हणते." आणि 'बालकवी' हे नाव ऐकून दर वर्षी कोणीतरी उत्तरपत्रिकेत कवीचं नाव 'बालभारती' लिहितं. तिथे मी थोडी थांबते. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना 'बालकवी' ही पदवी १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात मिळाली, तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. दहावीच्या मुलांना सांगितलं की ते आपल्याहून एक-दोन वर्षांनीच मोठे होते, तर ती सरसावून बसतात. मग मागून कोणीतरी विचारतं, "म्हातारे झाल्यावर लोक त्यांना काय म्हणायचे?" ते म्हातारे झालेच नाहीत. १९१८ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले. हे मी एवढंच सांगते आणि कविता वाचायला घेते.

केशवसुतांची 'एक तुतारी द्या मज आणुनि' मात्र हल्ली जपून वाचावी लागते. २०२४ पासून तुतारी वाजवणारा माणूस हे एका पक्षाचं निवडणूक चिन्ह आहे. ओळ वाचली की घोषणा सुरू होतात, आणि समोरून दुसऱ्या पक्षाची पोरं उत्तर देतात. इथे आपण हसायचंही नाही आणि बाजूही घ्यायची नाही. मी फळ्यावर '१८९३' लिहिते आणि म्हणते, "कविता आधीची आहे, चिन्ह नंतरचं. पुढची ओळ कोण वाचतंय?" एवढं पुरतं. निवडणुकीच्या महिन्यात शक्यतो दुसरी कविता आधी घेते.

आणि एक उलटी गंमत. अतिशयोक्ती अलंकाराला सगळीकडे तेच उदाहरण असतं. दमडीचं तेल आणलं, त्यात सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, उरलेलं झाकून ठेवलं तर लांडोरीचा पाय लागला, वेशीपर्यंत ओघळ गेला आणि त्यात उंट पोहून गेला. मी लहानपणी यावर गडाबडा लोळले होते. गेली काही वर्षं वर्ग ढिम्म बसतो. दमडी माहीत नाही, मामंजी कोण माहीत नाही, वेस कुठे असते माहीत नाही. उंट तेवढा ओळखीचा, पण तो एकटा काय करणार? तुमच्या वर्गात रव्यावरून शिरा निघतोय, म्हणजे निदान रवा घरात आहे. मला त्या ढिम्म तासांची जास्त धास्ती वाटते. त्यावर माझा उपाय असा की मुलांनाच नवं तेल आणायला सांगते. एकीने लिहिलं होतं, 'एक टक्का चार्जिंग उरलं, त्यात ताईचा इंटरव्ह्यू झाला, आईची भिशी झाली, बाबांची मॅच झाली, उरलेलं चार्जिंग आजीला दिलं, तिने अख्ख्या गावाला गुड मॉर्निंग पाठवलं.' अलंकार कळला की नाही, ते निराळं तपासावं लागलं नाही.

राहिले तुमचे मुख्याध्यापक. त्यांना तासानंतर स्पष्टीकरण देऊ नका, तासाआधी सांगा. "सर, उद्या तिसऱ्या तासाला आठवी ब मध्ये वृत्त आहे, बाकं वाजतील." आधी सांगितलेला आवाज त्यांच्याही कानाला वेगळा लागतो. जमलं तर त्यांनाच पाच मिनिटं बोलवा. माझ्या एका मुख्याध्यापकांना मी समोशाच्या ओळीला बोलावलं होतं. ते विज्ञानाचे, पण उभ्या उभ्या टेबलावर लगागा वाजवून गेले.

त्या मुलाचं असं करा. उद्या तोच अभंग पुन्हा काढा आणि फळ्याच्या उजव्या बाजूला त्याचं वाक्य लिहा. मग त्यालाच विचारा, मुंगीला एक रवा पुरतो, तर तुझ्या घरच्या शिऱ्याला किती वाट्या लागतात, आणि साखर किती. आमच्याकडे वाटीला वाटी घालतात. वर्गातली कोणीतरी नक्की "पाऊणच वाटी, सर" म्हणेल आणि त्यावरून वाद होईल. होऊ द्या, पाच मिनिटं, आणि मग ऐरावताच्या ओळीवर या.